बियाणं बोगस नव्हतं, वावराचं पीठ आपणच केलं!

जूनच्या शेवटी गावात दरवर्षी एकच ओरड. "सोयाबीन उगवलंच नाही, कंपनीनं फसवलं!" बोगस बियाणं विकणारे आहेतच, त्यांना सोडू नका. पण परवा मी माझ्याच वावरात तास उकरून बघितला. वर पापडासारखा टणक थर, अन् खाली दाण्याला मोड आलेला! सोयाबीनचा कोंब मान वाकवून, दोन्ही दलं ओढत वर येतो. थर फोडता फोडता ती मानच मोडली होती. यात कंपनीचा काय दोष?

दोष माझा. पेरणीआधी रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या मारल्या. शेजारी म्हणाले, "वा, काय भुसभुशीत रान केलंय!" पेरून दोन दिवस झाले, तासभर पाऊस कोसळला, अन् त्या पिठाची कणिक झाली.

मित्रांनो, नीट समजून घ्या. कोरड्या ढेकळात हवा असते. पाणी चारी बाजूंनी एकदम शिरलं की ती कोंडते अन् ढेकूळ आतून फुटतं. वरून थेंबांचा मार. सुटलेली बारीक माती फटी बुजवते. मग पाणी मुरत नाही, वाहून जातं. ऊन पडलं की पपडी धरते. ढेकूळ बांधून ठेवतं ते शेणखत, कुजलेली धसकटं, मुळ्या. अन् आपण धसकटं पेटवतो, उरलेलं दळून काढतो!

खोटं वाटतं? सुपारीएवढी दोन वाळलेली ढेकळं घ्या, एक वावरातलं, एक बांधावरच्या गवताखालचं. दोन ग्लास पाण्यात अलगद सोडा. माझ्या वावरातलं पाच मिनिटांत चिखल होऊन तळाला बसलं. बांधावरचं तसंच होतं.

साहेब लोकांनाही विचारतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दरवर्षी सांगता, बरोबरच आहे. रोटाव्हेटरला अनुदानही देता. मग तो कुठं थांबवायचा, हे आमच्या गावात येऊन कोण सांगणार?

कुळवाची एक पाळी पुरे. वाफसा बघा, बारकी ढेकळं राहू द्या. धसकटं जाळू नका. जमलं तर रुंद वरंबा-सरीवर पेरा, जास्तीचं पाणी सरीतून निघून जाईल.

रान मऊ दिसणं अन् रान चांगलं असणं यात फरक आहे. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणलंय, म्हणून एवढं बोलतोय.