गिटार परकी, मींड आपली

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गिटार शिकणारी मुले आता अनेक घरांत आढळतात. स्तवनाच्या साथीला ती चालेल काय, यावर मात्र ज्येष्ठांचे एकमत होत नाही. पेटीही युरोपातूनच आली, याचा त्या चर्चेत सहसा विसर पडतो.

असाच प्रश्न जोधपूरच्या काबरा कुटुंबात उभा राहिला होता. थोरले बंधू दामोदरलाल हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य व सरोदवादक; धाकट्या ब्रिजभूषण यांचे मन मात्र कोलकात्यात ऐकलेल्या हवाईयन गिटारवर जडले. वडिलांनी अनुमती दिली ती एका अटीवर, की या वाद्यावर केवळ शास्त्रीय संगीतच वाजवावे, असे सांगतात. ही अट वरकरणी वाटते त्याहून पुष्कळ कठीण होती. गिटारच्या दांडीवरील पडदे स्थिर. त्यांवर बोट ठेवले की स्वर जागच्या जागी थांबतो. रागाला तर एका स्वरातून दुसऱ्यात अखंड वाहत जाणारी मींड हवी. हवाईयन पद्धतीत तारा पडद्यांपासून उंच उचलतात आणि डाव्या हातातील पोलादी कांब त्यांवरून सरकवतात. मींड साधते, पण पडद्यांचा आधार सुटल्याने प्रत्येक स्वर कानाच्या भरवशावरच शोधावा लागतो. ब्रिजभूषण यांनीही अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेतली, वाद्याला चिकारीच्या तारा जोडल्या, आणि आलाप-जोडाची सरोदवरील रीत गिटारवर उतरवली. (सरोदच्या तोंडावर बकऱ्याचे कातडे असते, गिटारचे तोंड लाकडाचे. ज्या घरांत हा विचार होतो, त्यांनी याचीही नोंद घ्यावी. तबल्याचे काय, हा प्रश्न उरतोच.)

या साधनेला सर्वदूर श्रोते मिळवून देण्यात एका मराठी माणसाचा हात होता. भावगीतगायक म्हणून गाजलेले गो. ना. जोशी एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. 1967 मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. काश्मीरच्या खोऱ्यातील एक दिवस अहिरभैरवाने उजाडतो आणि पहाडीपाशी विसावतो. त्या काळी संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये रागसंगीतात नवखी होती, हे आज ऐकताना जाणवतही नाही.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले हे व्हायोलिन आणि विद्युत गिटार अशी दोन्ही वाद्ये वाजवीत. गजाने न तुटणारा स्वर काढण्याची सवय कांब सरकवणाऱ्या हातालाही उपकारक ठरते, असे मानायला जागा आहे.

संशोधनाची बाजू मात्र याहून रंजक आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे: एकच तार, पडदे नाहीत, आणि डाव्या हाती तारेवरून सरकणारी बांबूची कम्रिका. म्हणजे तार घासत स्वर काढण्याची कल्पना, हवाईची गिटार येथे पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके, याच मराठी मुलखात ग्रंथबद्ध झाली होती. ‘संगीतसमयसार’ लिहिणारे पार्श्वदेव जैन होते. चौदाव्या शतकातील ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हाही वाचनाचार्य सुधाकलश या जैन मुनींचाच ग्रंथ. आपल्या ग्रंथभांडारांतील ही संपदा वाद्य शिकणाऱ्या मुलांपर्यंत क्वचितच पोहोचते.

वादन आणि अभ्यास यांची सांगड बनारसच्या डॉ. कमला शंकर यांनी घातली. पंडित छन्नूलाल मिश्र यांच्याकडे त्यांनी गायनाच्या अंगाने तालीम घेतली, गिटारवादनात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ‘शंकर गिटार’ हे आपले वाद्य घडवले. ब्रिजभूषण काबरा यांचे 2018 मध्ये निधन झाले. घरातल्या मुलांना ऐकवायचेच असेल, तर त्या ध्वनिमुद्रिकेतील अहिरभैरवापासून आरंभ करावा, आणि तोही सकाळी.