बोट, बॅकपॅक आणि आईचा गुडघा

‘क्रूझ’ हा शब्द ऐकला की माझं नाक आपोआप मुरडायचं. आपण कसे? पाठीला सॅक, हॉस्टेलमध्ये वरचा बंक आणि रस्ता चुकलो तरी ‘अरे, यातच तर मजा आहे’ म्हणणारे! बोटीत बसून सूप पिणं हा रिटायर्ड लोकांचा टाइमपास, असं माझं ठाम मत.

मग आई रिटायर झाली.

छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. युरोप. तेही उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी. डॉक्टरांनी जानेवारीची तारीख दिलेली. माझ्याकडे एका ट्रिपपुरते पैसे आणि दहा दिवस. ‘बारा दिवसांत सात देश’ छापाची बस टूर म्हणजे रोज पहाटे बॅग भरा, चढा, उतरा, फोटो काढा. माझी ट्रेन-हॉस्टेल स्टाइल तर तिला झेपणारच नव्हती. उरली नदीवरची बोट.

सप्टेंबरमध्ये आम्ही जर्मनीतल्या पासाऊहून हंगेरीतल्या बुडापेस्टला निघालो. डॅन्यूब नदी, सात रात्री, एकच केबिन. पहिल्या दिवशी कपाटात कपडे लावले ते थेट शेवटच्या दिवशी काढले. आपण झोपतो आणि खोलीच पुढच्या गावाला जाते. हे सुख मला ठाऊकच नव्हतं!

समुद्रातल्या क्रूझशी या प्रकाराचं नातं नावापुरतंच. तिथे हजारो माणसं, कसिनो, वॉटरस्लाइड. इथे दीडशेच्या आसपास प्रवासी आणि करमणूक म्हणजे संध्याकाळी कीबोर्ड वाजवणारे एक काका. कारण साधं आहे. नदीवर जागोजागी बांध आहेत. त्यांच्या बाजूच्या लांबलचक हौदात बोट शिरते, दारं बंद होतात, पाणी सोडतात आणि बोट लिफ्टसारखी अलगद खाली उतरते. याला लॉक म्हणतात. त्यात मावायचं, म्हणून बोटीची रुंदी साधारण ११.४ मीटर आणि लांबी फार तर १३५ मीटर. पहिलं लॉक आलं तेव्हा ओली भिंत खिडकीसमोरून वर वर सरकत गेली. आई म्हणाली, ‘‘आमच्या दाभोळच्या फेरीबोटीला असलं काही नव्हतं हो!’’

आता जे खटकलं ते. आईच्या वयाची माणसं या बोटीवर ‘यंग क्राउड’मध्ये मोडत होती. मी बहुतेक कुणाची तरी नात वाटले असेन. धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात. एका सकाळी ‘रिव्हर व्ह्यू’चा पडदा उघडला, तर समोरच्या बोटीतले आजोबा दात घासत होते. आम्ही एकमेकांना गुड मॉर्निंग केलं.

खरी चिडचिड झाली ती ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, टेकडीवर ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ मध्ये इथेच कैदेत होता. आमच्या हातात तीन तास. आई खाली जर्दाळूचा जॅम चाखत बसली आणि मी धापा टाकत वर गेले. वरून नदीकाठचा सायकल ट्रॅक दिसला. माझ्याच वयाची मुलं निवांत पॅडल मारत चाललेली, मनात येईल तिथे थांबणारी. मला घड्याळ बघत खाली पळायचं होतं. जाम हेवा वाटला.

त्या संध्याकाळी डेकवर मी दुसऱ्या दिवशीच्या व्हिएन्नाची लिस्ट करत बसले होते. आई म्हणाली, ‘‘सगळं इतकं घाईघाईने काय बघतेस गं? परीक्षा आहे का?’’

मी वही मिटली. मग अंधार पडेपर्यंत ती बँकेतल्या पहिल्या वर्षाबद्दल बोलत होती. पहिला पगार, चुकलेली कॅश, रडत गाठलेली शेवटची बस. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. घरी आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जातच नाही.

दुसऱ्या दिवशी गाइडच्या हेडफोनला वैतागून तीच म्हणाली, ‘‘चल, पळू या.’’ व्हिएन्नात बोटी शहराच्या मध्यापासून जरा लांब लागतात, पण आम्ही यू-१ मेट्रो पकडली आणि काही मिनिटांत श्टेफान्सप्लाट्झला. कॅथेड्रलसमोर कॉफी, एवढाच कार्यक्रम. सॉलिड दिवस!

तर, तुम्ही जावं का?

रात्री बाहेर फिरल्याशिवाय तुम्हाला शहर कळत नसेल, तर बोट तुमच्यासाठी नाही. ती बऱ्याचदा ऐन रंगात आलेली संध्याकाळ तोडून निघते. एकटे असाल तरी जपून. भाडं दोघांच्या केबिनच्या हिशोबाने असतं आणि एकट्याला बहुतेक वेळा जास्तीचे पैसे पडतात. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये टिप आणि विमान धरलंय का, हे आधी विचारा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. आमच्या मार्गावर चार देशांना एकच शेंगेन व्हिसा चालला. अर्ज मात्र जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा.

आणि नदीचा मूड! २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की बोटींचे हाल झाले. उलट जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं. तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. पाणी कमी झालं की बोट टेकते, वाढलं की पुलाखालून जात नाही. मग क्रूझची होते बस टूर. तेवढी तयारी हवी.

पण सोबत कुणी असं असेल, ज्याचे पाय तुमच्याइतके चालत नाहीत आणि ज्याच्याशी बरंच बोलायचं राहून गेलंय, तर जा. स्वतःची ‘ट्रॅव्हल स्टाइल’ आठवडाभर माळ्यावर टाका.

आईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. परवा फिजिओथेरपीची सायकल मारता मारता तिने विचारलं, ‘‘काय गं, त्या किल्ल्याखालचा सायकलचा रस्ता सपाटच होता ना?’’