संगणक दुरुस्त झाला, पण प्रोग्रॅम कुठे गेले?

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, आज संगणकाशिवाय कागद हलत नाही. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, मंडळाचा जमाखर्च, बचत गटाचे हिशेब, जयंतीची पत्रके, सगळे त्या एका पेटीत. ती पेटी अडली की आपण मेकॅनिकला बोलावतो. तो म्हणतो, "रिपेअर मारतो", नाहीतर "रिस्टोअर करतो". आपण मान डोलावतो. संध्याकाळी संगणक चालू होतो, पण हिशेबाचा प्रोग्रॅम जागेवर नसतो आणि मराठी पत्र उघडले तर अगम्य चिन्हे दिसतात. हे शब्द ऐकायला सारखे असले तरी त्यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो घरातल्या एकाने तरी समजून घेतला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पहिले साधन 'सिस्टम फाइल चेकर', मेकॅनिकच्या भाषेत एसएफसी. ते विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते आणि बिघडलेल्या फायलीच्या जागी चांगली प्रत ठेवते. आपले प्रोग्रॅम, आपली कागदपत्रे यांना ते हात लावत नाही. ज्या साठ्यातून ते चांगली प्रत घेते, तो साठाच खराब झाला असेल तर 'डीआयएसएम' नावाचे दुसरे साधन आधी चालवतात. अडचण एकाच ठिकाणी येते. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने विंडोजची फाइल काढून स्वतःची बसवली असेल, तर एसएफसी मूळ फाइल परत आणते आणि तो प्रोग्रॅम रुसतो. पण असे क्वचित घडते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात येथूनच व्हावी.

दुसरे साधन 'सिस्टम रिस्टोअर'. हे सन २००० च्या विंडोज मी पासून आले. आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून खतावणीच्या भाषेत सांगतो. समजा, १० तारखेची शिल्लक बरोबर होती आणि २५ तारखेला घोळ दिसला. तेव्हा १० तारखेपर्यंतचे मान्य धरून पुढच्या नोंदी रद्द करायच्या, तसा हा प्रकार आहे. १० तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि अपडेट निघून जातात. मधल्या काळात काढून टाकलेला प्रोग्रॅम परत येऊ शकतो, पण तो धड चालेलच असे नाही. आपली पत्रे, फोटो मात्र तसेच राहतात. पुढे जाण्यापूर्वी तेथे 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' असे लिहिलेले असते. ते दाबले की कोणते प्रोग्रॅम जाणार याची यादी दिसते. ती यादी कागदावर उतरवून घ्यावी. पुष्कळ संगणकांत ही सोय मुळात बंदच असते, ती आजच चालू करून घ्यावी.

तिसरे साधन 'रीसेट', आणि खरी गफलत होते ती येथे. 'कीप माय फाइल्स' हे शब्द वाचून आपण निर्धास्त होतो. फायली राहतात हे खरे, पण नंतर बसवलेले प्रोग्रॅम सगळे जातात. हिशेबाचा डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असेल, तर त्याच्यावरही गदा येऊ शकते. टॅलीसारख्या प्रोग्रॅमचे लायसन्स त्या संगणकाशी बांधलेले असते, तेही फॉरमॅटपूर्वी सरेंडर करून ठेवावे. हिशेबतपासनीसाकडे जाण्याच्या आठवड्यात असे झाले, तर मंडळाच्या खजिनदाराने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

मराठीचे दुखणे तर आणखी वेगळे. श्री-लिपी, आकृती यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. रीसेटमध्ये तो फाँट गेला की कागद शाबूत असूनही वाचता येत नाही. पुष्कळांना वाटते, फाइल खराब झाली, आणि ते ती पुसून टाकतात. असे करू नका. तोच फाँट पुन्हा बसवला की अक्षरे जशीच्या तशी उभी राहतात. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला ही भीती नाही. आजच्या विंडोजमध्ये निर्मला यूआय हा फाँट आधीच असतो. जुने ठराव, सभासदांच्या याद्या आणि इतिवृत्ते हळूहळू युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत.

आणि सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घरादुकानांत शिरले. रिस्टोअरचे टप्पे त्याच डिस्कमध्ये साठवलेले असतात. डिस्क बुडाली की तेही बुडाले. म्हणून रिस्टोअर म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या घरी, उंचावर ठेवावी.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुने संगणक बदलण्याची, रीसेट करण्याची घाई सगळीकडे आहे. अशा वेळी मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. यातले कोणते साधन वापरणार? कोणते प्रोग्रॅम जातील? ते परत बसवायला सीडी, लायसन्स, डोंगल आपल्याकडे आहे का? उत्तर मिळेपर्यंत बटण दाबू देऊ नका. आपल्या घरातली शिकलेली मुलगी-मुलगा हे प्रश्न सहज विचारू शकतात, त्यांना पुढे करा. प्रोग्रॅमांची यादी आणि लायसन्सचे क्रमांक एका वहीत लिहून ती वही रेशनकार्डाशेजारी ठेवा. खर्च फक्त वहीचा आहे.