सुट्टी सहा आठवड्यांची, प्रश्न आठवीचा

मे महिना म्हणजे आपल्या किनाऱ्यावर लग्नं, आंबे आणि मुंबईहून आलेले पाहुणे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत मुलं दिवसभर बाहेर असतात, आणि असावीतही. सुट्टी ही सुट्टीच हवी. पण यंदा एका वर्गाच्या पालकांनी जरा थांबून विचार करावा, असं वाटतं.

जून २०२६ मध्ये आठवीत जाणारी मुलं २०२० साली दुसरीत गेली होती. कोरोनामुळे शाळा मार्चपासूनच बंद होत्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. छपरं उडाली, विजेचे खांब पडले. जिथे वीज आणि नेटवर्कच नव्हतं, तिथे ऑनलाइन शिक्षण कुठून येणार? ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते थेट १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे वाचन पक्कं होण्याचं वय या मुलांनी शाळेबाहेर काढलं.

पुढे राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. त्या वर्षी पाचवीत हीच मुलं होती. आता आठवीत तीच परीक्षा पुन्हा त्यांच्यासमोर आहे.

हे दुखणं फक्त आपलं नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. पण उर्दू माध्यमातल्या मुलांची अडचण थोडी वेगळी आहे.

आपलं मूल मकतबमध्ये नाज़रा छान वाचतं, म्हणून उर्दूही येत असेल असं घरात धरलं जातं. तसं नसतं. कुरआनच्या पानावर ज़बर, ज़ेर, पेश असतात. उर्दूच्या पुस्तकात ते बहुतेक नसतात. शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. शिवाय पे, चे, गाफ, टे, डाल ही अक्षरं अरबीत नाहीत. मराठीत मूल जोडाक्षरांवर अडतं, ‘न’ आणि ‘ण’ मध्ये गोंधळतं. गणितात ३७ ला शाळेत ‘सैंतीस’, बाजारात ‘सदतीस’. ५९ ला इथे ‘उनसठ’, तिथे ‘एकोणसाठ’. घरी आपण बोलतो ती कोकणी तिसरीच. हुशार मूलही अशा वेळी गप्प बसतं आणि आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्ष नाही.

यावर उपाय ट्यूशन नाही. रोज अर्धा तास पुरतो. पंधरा मिनिटं उर्दू, पंधरा मिनिटं मराठी, मोठ्याने वाचायचं. पुस्तक मागच्या वर्गाचं असलं तरी चालेल. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत मिळतात. अम्मीला मराठी वाचता येत नसेल तरी हरकत नाही, तिने फक्त ऐकावं आणि विचारावं, "मग पुढे काय झालं?" मुलाला सांगता आलं, तर त्याला समजलं.

अब्बा कुवेतला किंवा सौदीला असतील तर व्हिडिओ कॉलवर "अभ्यास केलास का?" एवढंच विचारू नका. "एक पान वाचून दाखव" म्हणा. आंब्याच्या पेटीचा हिशेब, मासळीचा भाव, लग्नाच्या खर्चाची यादी मुलाकडून लिहून घ्या, दोन्ही भाषांत. जंजिरा पाहायला नेलंत तर तिथले फलक त्याला वाचू द्या आणि घरी आल्यावर चार ओळी लिहायला सांगा.

एक विनंती जमातीच्या जबाबदार मंडळींना. मकतबची जागा आहे, चटया आहेत, मुलं रोज वेळेवर येतात. मौलाना साहेबांशी मशवरा करून सबकनंतर अर्धा तास वाचनाला द्या. गावातल्या बारावी झालेल्या मुली हे काम सहज करतील; त्यांना थोडं मानधनही द्या. लग्नाच्या मांडवावर आपण जेवढा खर्च करतो, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. तोपर्यंत मुलाने रोज दोन पानं वाचली, तरी आठवीचं पुस्तक हातात घेताना तो घाबरणार नाही, इन्शाअल्लाह.