आधी व्हिडिओ, मग चिकटपट्टी

घरबसल्या ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांचा खरा कस विक्रीनंतर लागतो. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चं गिऱ्हाईक दारातूनच पार्सल परत पाठवतं आणि जाण्यायेण्याचं भाडं विकणाऱ्याच्या माथी बसतं. खोकं ऐसपैस घेतलं, तर कुरिअरवाला सेंटीमीटरमधल्या लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागून आतल्या हवेचेही पैसे लावतो. रंग फोटोपेक्षा वेगळा निघाला, तर ‘नो रिटर्न’ची पाटी कामाची नाही; २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणं नाकारता येत नाही. म्हणून काठ, पदर, पत्त्याचं लेबल आणि वजनकाटा एका सलग व्हिडिओत टिपावा. ‘ताई, साडी फाटकी निघाली’ या मेसेजला त्याहून नम्र उत्तर नाही.