उताऱ्यात नसलेले उत्तर

परदेशी शिक्षणासाठी ‘आयईएलटीएस’ देणारा खडकीचा विद्यार्थी इंग्रजी वाचनात अडखळतो तो बहुधा ‘माहिती दिलेली नाही’ या पर्यायापाशी. तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटे. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली, हे त्याला ठाऊक असते. पण उतारा तारखेबाबत मौन पाळत असेल, तर ‘खरे’ लिहिताच गुण जातो. शालेय परीक्षेत प्रश्नातला शब्द उताऱ्यात हेरून ते वाक्य उतरवले की भागत असे. येथे शब्द जुळतात, विधान जुळत नाही! केवळ प्रश्नसंचांचे ढीग उपसून ही सवय सुटत नाही. चुकलेल्या प्रत्येक उत्तराचे कारण उताऱ्यातच शोधावे लागते. अर्ध्या बँडने हुकलेल्याला मात्र पुन्हा हजारो रुपयांचे शुल्क भरावे लागते.