पाणथळी कोणाच्या, आरोपी कोण?

कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टैभोवतीचा सारा मुलूख कावेरीच्या पाण्यावर आणि भातावर जगतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे बदकांचे आणि पाणपक्ष्यांचे थवेही याच खोऱ्यातील तळी, भातखाचरे आणि कोडियक्करैची दलदल यांवर तगतात. या पाणथळी राखल्या पाहिजेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो रक्षण कोणापासून आणि कोणाच्या जिवावर करायचे, हा.

सुखवस्तू पक्षिप्रेमींचे उत्तर ठरलेले आहे : आरोपी नरिकुरवर! आपल्याकडील फासेपारध्यांप्रमाणेच पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर पोट भरणारी ही भटकी जमात. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनी तिचा धंदा गुन्हा ठरवला. जमीन मात्र दिली नाही. हाती उरली मणी-माळांची फेरी. अनुसूचित जमातींच्या यादीत तिचे नाव येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

आता खऱ्या शिकाऱ्यांकडे पाहू. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो व त्याच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी लोळवले. संस्थानिकांनी हा आकडा दगडावर कोरून मिरवला! त्याच तळ्याचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली तेथे गुरे चारण्यास बंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासानेच दाखवून दिले की, म्हशी हटल्याने गवत माजले, पाणी कोंडले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. साहेबाची शिकार ती परंपरा, गुराख्याची म्हैस तो अपराध! हाच तो वर्गन्याय.

याउलट तमिळनाडूतील वेदान्तंगल पाहा. पक्ष्यांच्या विष्ठेने कसदार झालेले तळ्याचे पाणी पिकाला लाभते, हे शेतकरी जाणून होते. गोऱ्या सैनिकांच्या बंदुकांविरुद्ध त्यांनी तक्रार केली आणि १७९८ साली कलेक्टरकडून संरक्षणाचा लेखी हुकूम मिळवला. अभयारण्याचा कायदा जन्मण्याच्या कितीतरी आधी पक्षी राखले ते कष्टकऱ्यांनी.

आजचा घाला बंदुकीचा नाही, भरावाचा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे आणि सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळली. वडुवूर व करैवेट्टी ही सिंचनाची तळी रामसर यादीत आली, ती अनुक्रमे २०२२ व २०२४ मध्ये; पण यादीबाहेरच्या असंख्य तळ्यांना वाली कोण? उरण आणि नवी मुंबईत भराव टाकून पाणथळी गिळणाऱ्यांच्या हाती कुठे फासे होते?

आपल्यातही दोन चुका आढळतात. काही साथी पाणथळीला पडीक जमीन समजतात. तळे बुजले की शेतमजुराचे मासे, चारा आणि विहिरीचे पाणी जाते, हे विसरतात. दुसरे काही शिकारीच्या परंपरेचे गोडवे गातात. तेही चूक. व्यापाऱ्यासाठी जाळे लावणारा पारधी स्वतःच लुटला जातो. त्याला जाळ्याचा हक्क नव्हे, जगण्याचा हक्क हवा.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत : सिंचनाच्या तळ्यांना आणि खाचरांना कायद्याचे संरक्षण द्या, व्यवस्थापन ग्रामसभांकडे सोपवा, शिकारी जमातींना जमीन द्या, आणि पक्ष्यांच्या वाटा जाणणाऱ्या त्यांच्याच माणसांना रक्षकाची कायम नोकरी, पूर्ण वेतनासह, द्या. थव्यांना कुंपण ठाऊक नसते. कष्टकऱ्यांच्या लढ्यालाही प्रांतांची कुंपणे असता कामा नयेत.